तिघांचं पाणी

१

धक्क्यावर त्याला सगळे मीटरवाला म्हणत. बोटीत पिण्याच्या पाण्याची टाकी असते, डिझेलची असते, सांडपाण्याचीही असते, आणि या सगळ्या टाक्या फळ्यांखाली अशा काही दडवलेल्या असतात की आत किती आहे हे बघायचं म्हटलं तर अर्धं घर उचकटावं लागेल. म्हणून टाकीत सेन्सर बसवायचा आणि भिंतीवर मीटर. हे काम मीटरवाला करायचा, आणि इतक्या तोऱ्यात करायचा की दुसऱ्या कुणी बसवलेलं मीटर दिसलं की याच्या कपाळावर आठी आलीच म्हणून समजा.

"कुठला सेन्सर भरवशाचा?" असं कुणी विचारायचा अवकाश, याची टकळी सुरू.

"आधी टाकीत काय आहे ते सांगा. सांडपाण्यात तरंगता गोळा घालाल तर गाळ चिकटून तो बसेल रुसून, आणि मीटर म्हणेल सगळं आलबेल. मग एक दिवस नाकाला कळेल. तिथे वरून मोजणारा घ्या, पाण्याला न शिवणारा. डिझेलला उभी दांडी. पिण्याच्या पाण्याला तळाशी बसणारा, वजनावरून सांगणारा. आणि काही झालं तरी टाकीच्या मधोमध बसवा. बोट कलली की पाणी एका अंगाला जातं, आणि कडेचा सेन्सर बिचारा उगाच बोंब मारत सुटतो."

मग दम घेऊन त्याचं ठरलेलं वाक्य: "मीटर खोटं बोलत नाही, साहेब. बोललाच तर बसवणारा बोलतो."

तो आणि त्याची बायको बोटीवरच राहायचे. धक्क्याच्या टोकाला बांधलेली, पोट सुटलेली जुनी बोट. आत एक बैठकीची खोली, त्यातच ओटा, आणि पडदा सारला की पुढची लहान खोली. सकाळी चहाचा कप हातात आला की मीटरवाला आधी भिंतीवरच्या काट्याकडे बघायचा, मग बायकोकडे. यावरून बायको त्याला बोल बोल बोलायची. दोघांना दिवसाला किती पाणी लागतं हे त्याला न बघता सांगता आलं असतं.

त्या दिवशी दोघंही सकाळीच बाहेर पडली ती संध्याकाळी परतली. जाताना काटा पाऊण टाकीच्या रेघेला टेकलेला त्यानं पाहिला होता. परत आला तेव्हा काटा रेघेच्या खाली होता. फार नाही. एखादा माणूस दिवसभर घरात असता तर जेवढा उतरला असता, तेवढाच.

"गोळा अडकला असणार," तो म्हणाला.

"तुमचं मीटर आणि चुकलं?" बायको हसली. "आज सूर्य कुठून उगवला होता म्हणायचा?"

त्यानंही हसून घेतलं. चुकतात मीटरं. जुना गोळा होता, क्षार बसले असतील. दुसऱ्यांच्या बोटी सजवता सजवता स्वतःच्या बोटीकडे बघायला सवड कुणाला होती?

२

गोळा काढला तर तो स्वच्छ होता, आणि बोटानं उचलला की लहान मुलासारखा डुलत वरखाली व्हायचा. तरी मीटरवाल्यानं तो बदलून उभी दांडी बसवली. दांडीनंही तेच सांगितलं. दोघं घरात नसली तरी पाणी उतरत होतं.

मग गळतीचा संशय. फळ्या उचलून तो बॅटरीच्या उजेडात पोटावर सरपटत सगळा तळ बघून आला. शेजारच्या बोटीत राहणारा सुतार त्याच्या मदतीला आला. तोही खाली उतरला, प्रत्येक सांध्यावरून हात फिरवला आणि वर येऊन हात दाखवले. हाताला धूळ लागली होती.

"ठणठणीत कोरडं आहे, बाबा. एक थेंब नाही. गळती असती तर पाणी जाणार कुठे? बोटीतून पाणी आभाळात तर जात नाही."

"मग?"

"मग काय? पाहुणे लपवलेत काय घरात?" सुतार खो खो हसला. "माझी मेव्हणी राहायला आली की असंच होतं. हे दोघांचं नाही, तिघांचं पाणी आहे."

बायको ओट्यापाशी चहा गाळत होती. ती सहज म्हणाली, "आप्पा इथे होते तेव्हा एवढंच जायचं, नाही हो?"

मीटरवाला वायर गुंडाळत होता. त्यानं ती उगाचच सोडली आणि पुन्हा गुंडाळली. "काहीतरीच काय," तो म्हणाला.

३

आप्पा म्हणजे मीटरवाल्याचे वडील. जन्मभर शिवणयंत्रावर बसलेला माणूस. गिऱ्हाइकानं कापड कमी आणलं तर आप्पा त्याला कधी परत पाठवायचे नाहीत. "बाही जरा आखूड करू, कळणारसुद्धा नाही," म्हणायचे, आणि खरंच कळायचं नाही. आई गेल्यावर ते एक ट्रंक घेऊन लेकाच्या बोटीवर राहायला आले, आणि पुढच्या लहान खोलीत, टाकीवरच्या बिछान्यावर झोपू लागले. पुढे काही महिन्यांनी ताईकडे, म्हणजे मीटरवाल्याच्या मोठ्या बहिणीकडे गेले. बायको त्या दिवशी डोळे पुसत होती. "त्यांनाच तिकडे करमतं गं," मीटरवाल्यानं तिला सांगितलं होतं.

ताईचा फोन आला तो तळाशी बसणारा सेन्सर लावण्याच्या दिवशी.

"अरे, आप्पांचं काही कळेनासं झालंय मला," ताई म्हणाली. "पाणीच पीत नाहीत. ग्लास पुढे केला की हात आडवा करतात. म्हणे, आत्ताच प्यायलो."

"पीत असतील तुझ्या नकळत."

"अरे, मी दिवसभर त्यांच्यासमोर असते. कुठे प्यायलात, विचारलं तर म्हणतात, तिकडे. तिकडे म्हणजे कुठे, ते काही सांगत नाहीत. मी घाबरून डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, लघवी तपासली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी व्यवस्थित आहे, तुम्ही उगाच काळजी करता. आता यावर मी काय बोलू?"

मीटरवाल्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. त्यानं तो खाली ठेवला.

"आणि एक सांगू?" ताईनं आवाज खाली आणला. "खुर्चीत डोळे मिटून बसलेले असतात, आणि ओठ ओले असतात रे त्यांचे. हनुवटीपर्यंत ओघळ."

"लाळ असेल. वय झालंय."

"असेल बाबा. पण तू एकदा येऊन जा. तुझं ऐकतील ते. तुझंच नाव असतं त्यांच्या तोंडी."

"येतो. हातातलं काम संपलं की येतोच."

काम कसलं, डोंबलाचं! त्याला आप्पांच्या समोर उभं राहायचं नव्हतं. ताईकडे जाणं तो असंच पुढे ढकलत आला होता, आणि प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची लाज वाटायची. त्या दिवशी तर ती इतकी वाटली की तो उठून मुकाट्यानं नवा सेन्सर लावायला बसला.

४

खरी गोष्ट अशी होती, आणि ती मीटरवाल्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती.

आप्पांचं काही चुकत नव्हतं. हीच तर पंचाईत होती. ते भांडत नव्हते, कुरकुरत नव्हते. फक्त होते. पहाटे खाकरायचे. लेक फोनवर गिऱ्हाइकाशी बोलायला लागला की शेजारी येऊन उभे राहायचे आणि बोलणं संपल्यावर कौतुकानं विचारायचे, "काय रे, काय म्हणत होते?" ज्या खोलीत त्याची हत्यारं असायची त्या खोलीत त्यांची ट्रंक होती. मीटरवाल्याचा जीव गुदमरायला लागला. आणि "आप्पा, तुम्ही ताईकडे जा" हे सांगण्याचं धाडस काही त्याच्या अंगी नव्हतं.

प्रत्येक मीटरला मागच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. टाकीचा आकार आणि पुढचा काटा यांचा मेळ घालायला. एका दुपारी बायको बाजारात गेलेली असताना त्यानं तो स्क्रू थोडासा फिरवला. टाकी नुकतीच भरलेली होती. काटा घसरून निम्म्याच्या खाली आला.

"बघा आप्पा," तो म्हणाला, "परवा तर भरली होती. तिघांना ही टाकी पुरत नाही हो."

आप्पा उठले. चष्मा लावला, मीटरसमोर उभे राहिले आणि बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. लेकानं बसवलेलं मीटर. लेकाचं मीटर चुकत नाही हे ते साऱ्या धक्क्याला सांगत फिरायचे.

त्या दिवसापासून आप्पांचा ग्लास अर्धा झाला. मग त्याहून कमी. जेवताना एक घोट, औषधाबरोबर एक. ओठांना भेगा पडल्या. बायकोनं विचारलं तर म्हणाले, "या वयात तहान कमी होते, सूनबाई." कापड कमी होतं, आप्पांनी बाही आखूड केली. आणि मीटरवाला समोर बसून हे सगळं बघत होता. एका शब्दानं थांबवता आलं असतं. त्यानं तो शब्द काढला नाही.

शेवटी आप्पाच म्हणाले, "मी ताईकडे जातो रे. तुमच्यापुरतं तरी नीट पुरेल."

"बघा, तुमची इच्छा," हा गृहस्थ म्हणाला.

टॅक्सी धक्क्याच्या वळणावर दिसेनाशी झाली नसेल, तोच यानं स्क्रू होता तिथे आणून ठेवला. घरात खोटं मीटर त्याला बघवत नव्हतं.

५

तळाशी बसणारा सेन्सर बाजारातला सगळ्यात भरवशाचा. मीटरवाल्यानं तो टाकीच्या बरोबर मधोमध बसवला आणि घरीच राहिला. बायको तिच्या मैत्रिणीकडे गेली होती. बाहेर लख्ख ऊन होतं, पाण्यावर शांत लाटा होत्या, दोर मधूनमधून कुरकुरत होता.

बोटीतला पंप नळ उघडला की आपोआप सुरू होतो आणि बंद केला की थांबतो. गुर्रर्र असा आवाज, ज्याची घरात इतकी सवय झालेली असते की तो ऐकूच येत नाही. मीटरवाल्याला तो ऐकू आला, कारण नळ त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि बंद होता.

गुर्र. थोडासाच. ग्लास विसळायला लागतो तेवढा.

मग थांबला.

मग पुन्हा, या वेळी लांबलचक. ग्लास भरेपर्यंत.

तो ओट्यापाशी गेला. नळाखाली बोट लावून बघितलं, कोरडं. मोरी कोरडी. संडासातला नळ बंद. बाहेरचा फवारा बंद. पंपातला दाब कुठेतरी उतरत असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. हवा शिरली असेल. झडप सैल झाली असेल. कारणं हवी तेवढी असतात, आणि त्याला सगळी पाठ होती. पण पंप विसळायला थोडा आणि प्यायला जास्त असा हिशेबानं चालतो, याचं कारण कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात नव्हतं.

पुढच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. तो कुणी ओढला हे त्याला आठवेना. त्यानं पडदा बाजूला केला. खोलीत कुणी नव्हतं. बिछान्याच्या कडेला गादी दबलेली होती, कुणी बसावं तशी. तो बघत असताना ती हळूहळू, अगदी सावकाश, वर येऊन सपाट झाली.

मीटरवाला बाहेर डेकवर येऊन बसला. बायको परत येईपर्यंत तो आत गेला नाही.

"अहो, उन्हात काय बसलात? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," तो म्हणाला. मग एकदम म्हणाला, "आप्पांना इकडे आणायचं का गं?"

बायकोचा चेहरा उजळला. "मी तर कधीची म्हणतेय! आत्ता फोन लावा ताईंना."

पण आणायचं म्हणजे सांगायचं. आप्पा येणार, भरल्या टाकीकडे बघणार आणि विचारणार, आता कसं रे पुरतं? मग काय सांगणार होता तो? "बघू," तो म्हणाला. "आधी हे टाकीचं लफडं निस्तरू दे."

६

आता उरला एकच उपाय, सगळ्यात जुना. टाकीच्या अंगाला बाहेरून एक पारदर्शक नळी जोडायची, खाली एक तोंड, वर एक तोंड. टाकीत जेवढं पाणी, तेवढंच नळीत. वायर नाही, बॅटरी नाही, मागे स्क्रू नाही. तिथे खोटं बोलायला कुणाला जागाच नाही.

पुढच्या खोलीतला बिछाना उचलून त्यानं ती नळी बसवली. भर दुपार होती. छताच्या काचेतून ऊन थेट नळीवर पडत होतं. पाणी काठाशी आलेलं, निवळशंख. मीटरवाला फळीवर मांडी घालून समोर बसला.

बराच वेळ काहीच झालं नाही. बोट हलली की पाणी केसभर वर जायचं, केसभर खाली यायचं. त्याला पेंग येऊ लागली.

मग मागे पंप वाजला. थोडा. थांबला. मग लांब.

आणि नळीतलं पाणी खाली आलं. सरळ नाही. जरासं आलं, थांबलं. जरासं आलं, थांबलं. मग जास्त वेळ थांबलं, म्हाताऱ्या माणसाला पिता पिता दम घ्यावा लागतो तेवढा वेळ. मग पुन्हा जरासं.

गळती अशी नसते. गळती थांबून श्वास घेत नाही. मीटरवाल्यानं जन्मभर पातळ्या बघितल्या होत्या, पण कुणाच्या गळ्याखाली घोट उतरताना तो पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होता. नळी आणि त्याचं तोंड यांत वीतभर अंतर होतं. पाणी शेवटचं एकदा उतरलं, आणि त्याच्या कानामागून, मागे कुणी वाकून बसलं असावं तसा, समाधानाचा एक लांब उसासा आला.

त्यानं वळून बघितलं नाही. त्याला वळवेना. समोरच्या नळीच्या गोल काचेत खोलीचं वाकडं-तिकडं प्रतिबिंब पडलं होतं, त्यात त्याच्या खांद्यामागे काहीतरी पांढरं होतं. बनियनसारखं. पापणी लवली आणि ते नव्हतं.

टाकीतून पंपाकडे पाणी सोडणारा एक पितळी कॉक टाकीच्या तोंडाशी असतो. मीटरवाल्यानं तो दोन्ही हातांनी आवळून बंद केला.

पंप वाजला. पाणीच येईना म्हटल्यावर नुसता कोरडा घरघरला. थांबला. पुन्हा घरघरला, अधिक वेळ. थांबला. पुन्हा. मीटरवाल्यानं धावत जाऊन पंपाचं बटण बंद केलं.

सगळं शांत झालं. नळीतलं पाणी होतं तिथे स्थिर राहिलं. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची शरमही वाटली. पण तो उठून गेला. कॉक त्यानं उघडला नाही.

७

दुसऱ्या एका बंदरावर मोठं काम आलं होतं. त्याच संध्याकाळी दोघंही निघणार होती. वायरी ओढायला बायकोचा हात त्याच्याइतकाच चालायचा. निघताना तिनं भांडी धुवायला नळ उघडला तर पाणी नाही.

"कॉक बंद आहे," तो म्हणाला. "गळती आहे की नाही ते कळेल आता. आपण नाही तोवर राहू दे बंद."

कारण चोख होतं. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि ते खोटं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोण पितंय ते त्याला कळलं होतं. तरी त्यानं दाराला कुलूप घातलं.

तिथल्या बोटमालकानं विचारलं, "मग कुठला सेन्सर भरवशाचा म्हणता?" एरवी टकळी सुरू झाली असती. मीटरवाल्यानं वायर सोलायला घेतली. "कुठलाही घ्या," तो म्हणाला, "सगळे खरंच सांगतात." बायकोनं त्याच्याकडे चमकून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन बायकोच्या मोबाइलवर आला. काम अर्ध्यावर होतं. बायको ऐकता ऐकता खाली बसली.

"आप्पांना हॉस्पिटलात नेलंय," तिनं फोनवर हात ठेवून सांगितलं. "जीभ लाकडासारखी झालीय म्हणे. सलाइन लावलंय, पण अंगाला लागतच नाहीये. तोंडात चमच्यानं पाणी घातलं तर ओघळून बाहेर येतं. आणि सारखा हात फिरवतायत हवेत, असा. नळ फिरवावा तसा. म्हणतायत, उघडत नाही, उघडत नाही."

मीटरवाल्याच्या हातातली पक्कड खाली पडली.

दोघं टॅक्सीत बसली. हॉस्पिटलचा रस्ता आणि धक्क्याचा रस्ता जिथे फुटतात तिथे तो ड्रायव्हरला म्हणाला, "आधी धक्क्यावर."

"वेड लागलंय का तुम्हाला?" बायको ओरडली. "आप्पा तिकडे आहेत!"

"दोन मिनिटं. मी आलोच. तू बसून राहा."

"अहो, ते तिकडे शेवटच्या..."

"धक्क्यावर घे," तो ड्रायव्हरला म्हणाला, इतक्या जोरात की तो बिचारा दचकला.

८

तिसऱ्या खेपेला कुलपाला किल्ली लागली. आत बंद घराचा कोंदट वास. त्यानं पंपाचं बटण दाबलं, पुढच्या खोलीत गेला, गुडघ्यांवर बसला आणि कॉक उघडायला लागला. आवळताना घट्ट बसला होता. तो फिरेना. तळव्याची सालटं निघाली तेव्हा कुठे फिरला. नळ्यांमधून पाणी सळसळत गेल्याचा आवाज आला.

"प्या आप्पा," तो म्हणाला. "उघडलाय. प्या."

नळीतलं पाणी हललं नाही.

"आप्पा, भरपूर आहे. तुमच्यासाठीच आहे. प्या ना हो."

खोलीत कुणी नव्हतं. गादी भिंतीला टेकवून ठेवलेली होती तशीच होती. त्याला पहिल्यांदाच वाटलं की मागे कुणीतरी असावं. कुणीही, कसंही. त्यानं मान वळवून बघितलं. नुसत्या फळ्या होत्या.

मग मात्र त्याचा बांध फुटला. कपाळ टाकीला टेकवून तो लहान पोरासारखा रडायला लागला. "टाकी भरलेली होती, आप्पा. तेव्हासुद्धा भरलेली होती. मी काटा खाली आणला. स्क्रू फिरवला मी. पाणी कमी नव्हतं, कधीच कमी नव्हतं. तुम्ही जावं म्हणून केलं मी. तुम्ही तहानलेले राहिलात आणि मी बघत बसलो. तिघांना पुरत होतं, आप्पा. चौघांना पुरलं असतं. शिव्या द्या मला, पण प्या."

पंप वाजला. अगदी क्षणभर.

त्यानं झटकन मान वर केली. नळीतलं पाणी जरासं खाली उतरलं. एक घोट.

"हां, आप्पा," तो नाक पुसत म्हणाला, हसतच म्हणाला. "घ्या. सावकाश घ्या. मी आहे इथे."

तो वाट बघत राहिला. दम घेत असतील, त्यानं स्वतःला सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो. बोट हलली, पाणी केसभर वर गेलं, केसभर खाली आलं. दम घेऊन व्हायला हवा होता तेवढा वेळ गेला. त्याहून जास्त गेला.

मागे फळी वाजली. बायको पडदा धरून उभी होती. ती किती वेळ उभी होती हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. सगळं ऐकण्याइतका वेळ. तिच्या हातात मोबाइल होता, कानापासून दूर धरलेला, आणि त्यातून ताईचं रडणं बारीक ऐकू येत होतं.

"आप्पा गेले," ती म्हणाली. "जाता जाता एकदा डोळे उघडले म्हणे. घोट गिळल्यासारखं केलं, आणि विचारलं, पोरांना पुरलं ना पाणी?"

तिनं मोबाइल त्याच्यासमोर धरला.

"ताई विचारतायत, कसलं पाणी," ती म्हणाली. "काय सांगू त्यांना?"